पर्मनंट नोकरी सोडून धंदा करायचाय, घरात कुणीच तयार नाही. तुम्ही घरच्यांना कसं समजावलं?

पलूस_ते_चाकण

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथलं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

वय २८, डिप्लोमा मेकॅनिकल, गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात. सहा वर्षं झाली चाकणला एका कंपनीच्या टूल रूममध्ये आहे, गेल्या वर्षी पर्मनंट झालो, हातात ३८ हजार येतात. वडील झेडपीच्या शाळेत मास्तर होते, आत्ताच रिटायर झाले. आई घरी, धाकटी बहीण बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, दीड एकर ऊस.

मला टूल रीग्राइंडिंगचं काम सुरू करायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, व्हीएमसी मशीनवर (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) जे कार्बाइडचे ड्रिल आणि एंडमिल, म्हणजे कापायची कडक टूल, लागतात त्यांची धार गेली की बऱ्याच छोट्या वर्कशॉपमध्ये ते सरळ भंगारच्या डब्यात टाकतात आणि कार्बाइड म्हणून किलोवर विकतात. खरं तर डायमंड व्हीलवर नीट धार लावली तर तेच टूल अजून दोन-तीनदा आरामात चालतं, आणि नव्या टूलच्या मानानं खर्च खूपच कमी. मी सहा वर्षं हेच करतोय, हाताला सवय आहे, टूल डोळ्यासमोर धरलं की कुठली कड चिपली ते कळतं. कुपवाड आणि पलूस एमआयडीसीतल्या ११ वर्कशॉपवाल्यांशी सुट्टीत जाऊन बोललो, त्यातले ७ जण म्हणाले आत्ता टूल कोल्हापूरला पाठवतो नायतर फेकतो, तू जवळ सुरू केलंस तर देऊ. एक सेकंडहँड टूल अँड कटर ग्राइंडर बघून ठेवलाय, सात लाखांपर्यंत बोलणं आलंय.

दिवाळीत घरी हा विषय काढला. आई म्हणाली आधी बहिणीचं होऊ दे मग तुझं काय ते बघू. काका म्हणाले लोक पर्मनंट होण्यासाठी चिठ्ठ्या घेऊन फिरतात आणि तू हातातलं सोडायला निघालास. आत्या म्हणाली लग्नाचं तरी होऊ दे रे आधी, एकदा सून घरात आली की मग काय करायचं ते कर. आणि वडील काहीच बोलले नाहीत, ताटावरनं उठले आणि गोठ्यात गेले. मला सगळ्यांत जास्त ते लागलं.

लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं. पत्रिका जुळली, बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलीच्या मामांनी पगाराची स्लिपपण बघायला मागितली, मी दिली. मग मीच मुलीला खरं सांगितलं की दीडेक वर्षात गावाकडं येऊन स्वतःचं काम काढायचा विचार आहे. ती म्हणाली मला चालेल. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन, "त्यांना नोकरीवालाच पाहिजे." आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही, कशाला सांगायला गेलास म्हणून.

मला याचं वाईट वाटतं की हे कुठं होतंय तर पलूस तालुक्यात. किर्लोस्करवाडी आमच्याच तालुक्यात, १९१० साली माळरानावर उभी राहिली. चितळ्यांनी दुधाचा धंदा १९३९ ला सुरू केला तो भिलवडीत, तोही आमच्याच तालुक्यात. आणि आमच्या गावातल्या प्रत्येक बापाची इच्छा काय तर पोरगा कुठल्यातरी कारखान्यात चिकटावा. कारखाना काढावा असं कुणालाच वाटत नाही.

ज्यांनी घरच्यांचा विरोध असताना सुरू केलंय त्यांनी सांगा, तुम्ही काय केलं? भांडून निघायचं नाहीये मला. वडिलांना न विचारता केलं तर मशीन लागेल पण माझं मन लागणार नाही.

---

शिरोली_जॉबवर्क

भावा, कोल्हापूर शिरोलीत माझ्या चार व्हीएमसी आहेत, कास्टिंग मशीनिंगचं जॉबवर्क करतो, १४ वर्षं झाली. माझीपण टूल बाहेर जातात धारेला, त्यामुळं काम आहे का हा प्रश्नच नाही, काम आहे.

घरच्यांचं नंतर बोलू, आधी तू स्वतःला विचार की त्या ७ जणांनी "देऊ" म्हटलं म्हणजे नक्की काय म्हटलं. तोंडी देऊ म्हणणारे मला पण सुरुवातीला वीस भेटले होते, मशीन बसल्यावर तीन आले. तू एक कर, मशीन घ्यायच्या आधी त्यांची टूल गोळा कर, दुसऱ्या एखाद्या ग्राइंडिंगवाल्याकडनं धार लावून आण, तुझं कमिशन ठेवून पोच कर. सहा महिने कर. नफा चिल्लर राहील पण कोण महिन्याला किती टूल देतो, कोण बिल कधी भागवतो हे वहीत येईल. ती वही घेऊन वडिलांच्या समोर बस. मास्तर माणूस आहेत, भाषणापेक्षा वही वाचतील. फक्त तुझं अपॉइंटमेंट लेटर नीट वाच, नोकरीत असताना त्याच लाइनचं दुसरं काम करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि तुझ्या कंपनीच्या व्हेंडरकडं तर अजिबात जाऊ नको, नाव खराब झालं की या लाइनीत परत मिळत नाही.

दुसरं पैशाचं. मला धंद्यात सगळ्यांत जास्त रडवलं ते काम नाही म्हणून नव्हे, केलेल्या कामाचे पैसे येत नाहीत म्हणून. एका पार्टीनं १ लाख ८० हजार साडेतीन महिने अडकवले होते, माझ्याकडं सहा पोरं कामाला, पगाराच्या दिवशी बायकोची पाटली ठेवून पगार केला. कायदा आहे, २००६ चा एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा कायदा म्हणतो की जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण जो रोज काम देतो त्याच्यावर तक्रार कोण टाकतो? अलीकडं इन्कम टॅक्सवाल्यांनी नियम आणलाय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत भागवलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, त्याचा थोडा उपयोग होतो, मार्च आला की आता समोरनं फोन येतात. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, पहिल्या दिवशी कर आणि बिलावर नंबर छाप. सांगायचं काय तर सात लाखाचं मशीन म्हणजे सात लाखाचा धंदा नाही. चार महिन्यांचं भाडं, लाइट बिल, डायमंड व्हील आणि तुझा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा लिहू नको.

---

सह्याद्री_९१

मराठी माणसाच्या रक्तातच धंदा नाही. खेकड्यासारखे एकमेकांचे पाय ओढतात. घरचे ऐकणार नाहीत, तू निघ.

---

गलाईवाल्याचा_भाचा

वरच्या भावाला एकच विचारतो, विट्याला कधी आलायस का? खानापूर, आटपाडी, तासगाव ही आमची सगळी दुष्काळी पट्टी. पाऊस नाही म्हणून आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात बाहेर पडली, सोनंचांदी गाळायची दुकानं. आज तामिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, बंगाल, कुठल्या पण मोठ्या गावाच्या सराफ कट्ट्यावर जावा, आमच्याकडचा माणूस भेटतोय. आणि मराठीच आहेत सगळे, शेतकऱ्याची पोरं. रक्तात नसतंय कुणाच्याच.

आमच्याकडं कसं होतं ते सांगतो. माझे मोठे मामा कोइमतूरला. मी दहावीच्या सुट्टीत गेलो तवा त्यांच्या दुकानात आठ पोरं होती, सगळी गावाकडची, कोण चुलत्याचा कोण मेव्हण्याचा. झोपायचं दुकानाच्या माळ्यावर, एकच मोरी, पहाटे पाचला पाणी भरायचं. दोन-चार वर्षं भट्टीपाशी बसून सोनं ओळखायला शिकायचं, तमिळ शिकायचं. मग मामा किंवा दुसरा कोणतरी नातलग त्याला शेजारच्या गावात दुकान टाकून द्यायचा, पैसे सवडीनं फेडायचे. बुडला तर परत मामाच्या दुकानात यायचं, कोण हसत नव्हतं कारण मामा स्वतः पण एकदा बुडून परत आलेला. लग्न ठरवायला बसले की आमच्यात विचारतात, पोरगं कुठल्या गावाला असतंय आणि दुकान स्वतःचं आहे का. नोकरीवाल्याला उलट विचारतात की भागतंय का.

म्हणजे तुझं गाव आणि माझं गाव एकाच जिल्ह्यात, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येशील एवढंच अंतर. माणसं तीच, जात तीच, भाषा तीच. फरक एवढाच की आमच्याकडं बुडणाऱ्याला झेलायला माणसं उभी आहेत आणि तुझ्या घरात तू पहिलाच आहेस. तुझ्या काकाला भ्या वाटतंय त्यात त्यांची चूक नाही, त्यांनी धंद्यात तरलेला माणूस जवळनं बघितलेलाच नाही, बुडालेलाच बघितलाय. म्हणून माझं म्हणणं, तू बोलण्यात वेळ घालवू नको. शिरोलीवाल्या दादांसारख्या एकाला घरी जेवायला घेऊन जा. वडिलांना त्यांच्याशी बोलू दे, तू मधे बोलू नको.

---

भाजणीवाली_डोंबिवली

तुमचं सगळं वाचलं. एक बाजू राहतेय म्हणून लिहिते, मुलींची.

मुलाला घरचे विरोध तरी करतात, म्हणजे गंभीरपणे घेतात. मी २०१७ ला एचआरमधली नोकरी सोडून भाजणी, मेतकूट, पोह्याचा चिवडा, दिवाळीचा फराळ असं सुरू केलं तेव्हा मला कुणी विरोधच केला नाही. सासरे म्हणाले छान, घरबसल्या विरंगुळा. माहेरचे म्हणाले बरं झालं, आता मुलाकडे लक्ष देता येईल. मला वाटलं किती समजूतदार माणसं आहेत. सहा महिन्यांनी ऑर्डर वाढल्या आणि मी म्हटलं गाळा घेते, एक बाई कामाला ठेवते, दोन लाख लोन घेते, तर त्याच माणसांचे चेहरे बदलले. विरंगुळ्याला लोन कशाला?

भाजणीचा वास कसा असतो माहितीय ना, भाजताना पूर्ण मजल्यावर पसरतो, धने-जिरे शेवटी टाकले की डोळ्यांत पाणी येतं. दुपारी सासऱ्यांची झोप मोडायची. तेव्हा मी पहाटे चारला भाजायला लागले, म्हणजे कुणाला त्रास नको. दोन वर्षं पहाटे चार. मग सकाळी डबे, शाळा, आणि दहा वाजता परत पॅकिंग. आणि नातेवाईक आले की त्यांना सांगितलं जायचं, "ही घरीच असते."

बदल कधी झाला ते पण सांगते. मी मालाची किंमत काढताना सासूबाईंच्या वेळेचे पैसे धरायला लागले. त्या चकल्या पाडायच्या, चार-चार तास. मी महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या नावावर पैसे टाकायला लागले, पहिल्या महिन्यात ३,२०० झाले. त्या बँकेत पासबुक भरायला स्वतः गेल्या आणि घरी येऊन कुणाशी बोलल्याच नाहीत, नुसत्या पासबुक हातात धरून बसल्या होत्या. ६३ वर्षं वय, स्वतःच्या कामाचा पहिला पगार. त्या दिवसापासून सासऱ्यांना उत्तर मी नाही, त्या देतात. आज गाळा आहे, पाच जणी काम करतात, कर्ज फिटलं. ते सरकारच्या मुद्रा कर्जयोजनेतून घेतलं होतं, तारण लागलं नाही. फूडचं लायसन म्हणून लोक उगाच घाबरतात, मी केली तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला नुसती नोंदणी लागायची आणि फी वर्षाला १०० रुपये.

पलूसकर भाऊ, तुमची बहीण बीएस्सी करतेय ना? ती हिशेबात चांगली असेल तर तिला यात घ्या. "बहिणीचं होऊ दे" यात तिला कुणी विचारलंय का की तिला काय पाहिजे?

---

शटर_डाऊन_२०२०

मी दुसऱ्या बाजूचा आहे, माझं ऐकून घ्या, नाराज करायचा हेतू नाही.

संभाजीनगरला कॉलेजच्या मागे मेस आणि टिफिन सर्व्हिस काढली होती, २०१८ ला, आयटी सपोर्टची नोकरी सोडून. घरच्यांनी तुझ्या घरच्यांसारखंच सगळं म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, वडिलांना म्हणालो तुम्ही आयुष्यभर घाबरत जगलात म्हणून मी पण घाबरून जगू का. हे वाक्य मी कसं बोललो मला आजही कळत नाही. चाललं होतं चांगलं, १४० डबे जायचे. मार्च २०२० ला कॉलेज बंद, हॉस्टेल रिकामी, एका आठवड्यात १४० चे ६ झाले. वाटलं दोन महिन्यांत उघडेल. भाडं चालू ठेवलं, दोन आचारी ठेवले, ते बिहारला जातो म्हणत होते मीच थांबवलं, पर्सनल लोन घेतलं, मग क्रेडिट कार्ड, मग दुसरं कार्ड. ऑक्टोबरमध्ये शटर ओढलं तेव्हा डोक्यावर ११ लाख. वडिलांनी रिटायरमेंटच्या फंडातले काढून भरले. एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता परत नोकरी करतो. मी धंदा करू नये म्हणून सांगत नाहीये. माझी चूक धंदा केला ही नव्हती, कितीवर थांबायचं हे मी आधी ठरवलं नव्हतं. तू आजच कागदावर लिही, तोटा या रकमेच्या पुढं गेला की मशीन विकणार आणि परत नोकरी बघणार. तो कागद वडिलांच्या हातात दे. तुझ्या लाइनीत मशीन विकलं तर निदान काही हातात येतं, माझ्या मेसची भांडी किलोवर गेली.

आणि वडील उठून गोठ्यात गेले त्याचा अर्थ ते चिडले असाच घेऊ नकोस.

---

गिरणगावातला

बाळा, मी इथे फारसा लिहीत नाही. माझं वय ६४. तुझ्या वडिलांच्या बाजूने दोन शब्द लिहावेसे वाटले.

माझे वडील लालबागला गिरणीत होते, साच्यावर म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. वडील म्हणायचे महिन्याभरात मिटेल. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तो संप कधी नीट मिटलाच नाही. आम्ही पाच भावंडं, आई खाणावळ चालवायची, तिच्या खानावळीत जेवणारे सगळे गिरणीवालेच, त्यांच्याकडेच पैसे नाहीत तर ती कुणाकडे मागणार. वडील गावी साताऱ्याला गेले ते परत मुंबईत कामाला आलेच नाहीत. मी महानगरपालिकेत चिकटलो तेव्हा आईने अख्ख्या चाळीत साखर वाटली. मला अभियंता व्हायचं होतं, व्यवसाय करायचा होता, काय काय होतं डोक्यात, पण महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेला पगार येतो यापेक्षा मोठं सुख त्या घराला माहीत नव्हतं. तुमच्या पिढीला वाटतं आम्हाला हिंमत नव्हती. आम्ही भुकेचे दिवस मोजले होते, बाकी काही नाही.

माझ्या मुलाने २०१५ ला पाणी शुद्ध करायच्या मशीनची दुरुस्ती सुरू केली तेव्हा मी वर्षभर त्याच्याशी नीट बोललो नाही. मला लाज वाटायची असं नाही, मला झोप यायची नाही. त्याने एकदा मला शांतपणे विचारलं, बाबा तुम्हाला नक्की कसली भीती वाटते? धंद्याची, की मी उपाशी राहीन याची, की लोक काय म्हणतील याची? मी खूप वेळाने म्हणालो, ही खोली जाईल याची. त्याने सांगितलं खोलीची कागदपत्रं तुमच्या कपाटात राहतील आणि किल्ली तुमच्या कमरेला. तेवढ्यावर माझा विरोध संपला. एवढंच होतं.

तू वडिलांना मन वळवायला जाऊ नकोस. त्यांना हे विचार, की तुमचं कुठल्या वर्षी काय झालं होतं. प्रत्येक घरात असं एखादं वर्ष असतं.

---

पलूस_ते_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आलो, म्हणून उशिरा लिहितोय.

गिरणगावातले काका, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. रात्री गोठ्यातच, वडील म्हशीला वैरण टाकत होते. विचारल्यावर पहिलं म्हणाले काही नाही झोप जा. मग घरात गेले आणि लोखंडी कपाटातनं एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. आत पगाराच्या स्लिपा, २००७ पासूनच्या, रबर लावून वर्षावार गठ्ठे. प्रत्येकावर एक ओळ लाल पेनानं अधोरेखित, पतसंस्थेची कपात २,२००.

माझ्या चुलत चुलत्यांची पोल्ट्री होती. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, ते तिकडं नंदुरबार जिल्ह्यात, आमच्यापासून किती लांब, पण कोंबडी खायचीच लोकांनी बंद केली. पक्षी फुकट न्या म्हटलं तरी कोण नेईना. त्या पतसंस्थेच्या कर्जाला माझे वडील जामीन होते. चुलते गाव सोडून गेले आणि हप्ता वडिलांच्या पगारातनं सुरू झाला, २०१४ पर्यंत. मी आठवीत असताना गिअरच्या सायकलसाठी दोन दिवस जेवलो नव्हतो, तेव्हा ते म्हणाले होते तुझी तब्येत लहान आहे, पुढच्या वर्षी घेऊ. मला तेव्हापासून वाटायचं हा माणूस कंजूष आहे. पंधरा वर्षं मी हे मनात धरून बसलो होतो. आईला माहीत होतं, काकांना माहीत होतं, फक्त आम्हा दोघा भावंडांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते म्हणाले, "तू धंदा कर नको कर, माझी सही मागू नको." एवढंच. मला धंदा करायला त्यांची ना नव्हतीच की काय असं आता वाटतंय, त्यांना फक्त परत जामीन राहायचं नव्हतं आणि पोराला नाही म्हणता येणार नाही म्हणून ते ताटावरनं उठले.

मग शिरोलीच्या दादांनी सांगितलेल्या वहीचं बोललो, आणि शटरवाल्या दादांचा थांबायचा आकडा. तो आम्ही दोघांनी मिळून लिहिला, ४ लाख. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला, खाली तारीख टाकली, मास्तरांची सवय. ताई, बहिणीला विचारलं. ती म्हणाली मला एमएस्सी करायचंय आणि माझं लग्न या कारणासाठी मधे आणू नका. आई अजून नाहीच म्हणतेय. तिचं म्हणणं एकच, लोक मुलगी देणार नाहीत. त्यावर माझ्याकडं आज तरी उत्तर नाही.

एक विचारायचंय, वडिलांच्या सहीशिवाय आणि शेत-घर न लावता कर्ज खरंच होतं का? गावातल्या बँकेत विचारलं तर साहेब म्हणाले दोन जामीन आणि सातबारा आणा.

---

शिरोली_जॉबवर्क

होतं. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेची जोखीम सीजीटीएमएसई नावाची गॅरंटी योजना घेते, त्याची फी तुझ्याकडनं जाते, पण वडिलांची सही नाही आणि सातबारा नाही. शाखेत नाही म्हणाले तर भांडू नको, लेखी अर्ज दे आणि पोच घे, नाकारायचं तर कारण लेखी मागतोय म्हण. दोन शाखा फिरायला लागतील. पीएमईजीपी ही केंद्राची सबसिडीवाली कर्जयोजना पण बघ जिल्हा उद्योग केंद्रात, ग्रामीण भागात जनरलला २५ टक्के सबसिडी आहे, स्वतःचे १० टक्के घालायला लागतात. फक्त ती सबसिडी हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत तुझ्या नावानं अडकून राहते आणि मग कर्जात वळती होते, लोक इथं फसतात, सबसिडी मिळाली की व्हील आणू म्हणून बसतात. आणि पैसे मंजूर व्हायच्या आधी मशीन विकत घेऊन ठेवलंस तर अर्ज अडकेल. सेकंडहँड मशीन चालतं का तेही आधीच विचार, नवीन कोटेशन मागतात बऱ्याचदा.

त्या सात लाखाच्या ग्राइंडरचं, मशीन बघायला जाशील तेव्हा मला फोन कर, मी येतो. डायल (मोजायचं घड्याळ) घेऊन येतो, स्पिंडलचा रनआउट म्हणजे फिरताना तो किती डुलतो ते बघू आणि मशीन अर्धा तास गरम झाल्यावर परत बघू, गार असताना सगळीच मशीन चांगली असतात. येताना वडिलांना घेऊन ये. परतीला जेवायला माझ्याकडं.

---

गिरणगावातला

बाळा, ती सायकलची गोष्ट वाचून बराच वेळ बसून होतो. आईला घाई करू नकोस. आणि जिने "मला चालेल" म्हटलं होतं, तिला तू परत विचारलंस का?